सोळा मोजेपर्यंत

मेडशीत फुलचंदच्या किराणा दुकानासमोर सिमेंटचा एक ओटा आहे. त्या ओट्यावर जगदेव चाळीस वर्षं बुद्धिबळ खेळला आणि फुलचंदकडून एकदाही हरला नाही. फुलचंदला त्याचं काही वाटत नसे. गिऱ्हाइकाला साखर बांधून देता देता तो हरायचा आणि हरता हरता साखर बांधायचा. त्यामुळे गेल्या श्रावणात त्याच्या हत्तीने जगदेवचा वजीर उचलला, तेव्हा सगळ्यांत जास्त दचकला तो फुलचंदच.

“जगदेवभाऊ, हत्ती तं सरळ रेषेत उभा होता. दिसला नाही का?”

“ध्यान नव्हतं,” जगदेव म्हणाला आणि सोंगट्या गोळा करू लागला.

ओट्यावरच्यांनी वयाला बोल लावला आणि विषय संपवला. जगदेवची मुलगी मंजुषा तेव्हा तेलाची पिशवी घ्यायला दुकानात आली होती. तिने मात्र एक गोष्ट पाहिली आणि ती तिच्या मनातून जाईना. डावीकडच्या कडेच्या सोंगट्या उचलताना बाबांनी अख्खी मान वळवली होती, मागून कुणी हाक मारल्यावर वळवावी तशी.

ही मंजुषा ग्रामपंचायतीत संगणक परिचालक. म्हणजे दाखले, उतारे, नोंदी आणि नेट गेलं की सगळ्या गावाचा राग. माहेर मेडशीतच आणि सासर दोन गल्ल्या सोडून. लग्नाच्या दिवशी वरातीला मुद्दाम गावाला वळसा घालावा लागला, नाहीतर बँड सुरू व्हायच्या आत नवरी पोचली असती. नवरा भागवत जीप चालवतो. तिला कुणी हुशार म्हटलं की ती सावध होते, कारण हुशार म्हणणारा माणूस लगेच खिशातून बिघडलेला मोबाइल काढतो.

तिला एक वेड होतं आणि ते वेड जगदेवमुळेच लागलं होतं. ओट्यावरचे जुने खेळगडी एकेक करून कमी झाले, तसं तिने बाबांना मोबाइलमधलं बुद्धिबळ लावून दिलं. त्यांनी दहा मिनिटांत मोबाइल परत केला. “याचा राजा उडीच मारत नाही. हा कायचा राजा?”

ते खरंच होतं. ओट्यावरच्या बुद्धिबळाचे कायदे वेगळे. तिथे प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं. राजाला शह बसलेला नसेल, तोवर डावात एकदा त्याला घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते. आणि समोरच्याचा राजा एकटा उरला की त्याला सोळा चालींत मात द्यायची. नाही जमली तर डाव बरोबरीत. ही सोळाची मोजणी खेळणारे करत नाहीत. ती भोवती बसलेली माणसं करतात, मोठ्याने, आणि त्यात त्यांना कोण आनंद होतो! असं बुद्धिबळ कुठल्याच मोबाइलमध्ये नव्हतं. म्हणून मंजुषाने ठरवलं की बाबांशी खेळणारं मशीन, म्हणजे तसा प्रोग्राम, आपणच लिहायचा. ते कसं लिहितात याची तिला शष्प कल्पना नव्हती, हे एका परीने बरंच झालं.

वाट दाखवली अजहरने. मालेगावच्या बसस्टँडजवळ त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पंचायत समितीच्या कामाला गेलं की मंजुषा तिथे प्रिंटर घेऊन जायची. कॉलेजात असताना अजहरने स्वतः बुद्धिबळाचं मशीन लिहिलं होतं, ते ऐकल्यावर प्रिंटरचं काम मागे पडलं आणि वही पुढे आली.

“ताई, पयले सही, मग तेज,” हा त्याचा पहिला धडा. “मशीन चाली बराबर काढून राह्यलं का नाही, हे खेळून नाही कळत. गिनून कळते.”

ओट्याच्या कायद्यांचे आकडे इंटरनेटवर कुठून मिळणार? मंजुषाने घरीच पट मांडला आणि बोटांवर मोजलं. पहिल्या चालीला प्याद्यांच्या आठ, घोड्यांच्या चार, राजाच्या उडीच्या दोन, अशा चौदा चाली. त्यावर समोरच्याच्याही चौदा, म्हणजे एकशे शहाण्णव डाव. मशीननेही तेच सांगितलं, तेव्हा कणकेच्या हाताने तिने टाळी वाजवली. मग चार-पाच सोंगट्यांचे छोटे डाव मांडून मोजलं तर आकडे जुळेनात. तीन रविवार गेले तेव्हा सापडलं की शह बसून गेल्यावरही मशीनचा राजा खुशाल उड्या मारत होता.

पुढचे धडे अजहरने स्क्रू ड्रायव्हर फिरवता फिरवता दिले. समोरचा येडा आहे असं धरून लिहायचं नाही. आपण आपली चांगल्यातली चांगली चाल धरायची आणि तोही त्याची धरणार असं समजून पुढे पाहायचं. एखादी चाल वाईट आहे एवढं कळलं की किती वाईट, हे तपासण्यात वेळ घालवायचा नाही. “बाजारात बैल लंगडा दिसला का त्याचे दात मोजता का तुमी? पुढचा बैल पाहा.” आणि मारामारीच्या चाली आधी तपासायच्या, म्हणजे लंगडे बैल लवकर सापडतात. झटापट चालू असताना मोजणी मधेच थांबवायची नाही. “वजिरानं घोडा मारला अन् गिनती तिथंच थांबली, तं मशीनले वाटते घोडा फुकट भेटला. पुढच्या चालीले वजीर गेला, हे त्याले दिसतच नाही.”

शेवटचा धडा त्याने दोनदा सांगितला. “मातची किंमत दहा हजार ठेवा. पन त्यातून चाली वजा करत जा. एका चालीत मात असन तं एक वजा, पाच चालींत असन तं पाच वजा. हे इसरू नका ताई, नवीन लोक इथंच फसतात.”

मंजुषाने ते वहीत लिहून घेतलं आणि घरी आल्यावर त्यावर आडवी रेघ मारली. ओट्यावर लवकरच्या मातला कुणी जास्त मान देत नाही. उलट जगदेवची ऐट अशी, की समोरचा पुरता सापडला की तो पानाचा डबा उघडायचा, चार घरच्या गोष्टी सांगायचा, एखादी चाल उगाच फिरवायचा आणि मग मात द्यायचा. “मात ते मात,” तो म्हणायचा. “आज देली काय अन् चार चालींनं देली काय.” बाबांसाठी लिहिलेलं मशीन बाबांसारखंच खेळायला हवं, या मायेपोटी तिने मातची किंमत सरसकट दहा हजार ठेवली. सोळाची मोजणीही तिने मशीनला शिकवली नाही. ती पटावर नसतेच, माणसांच्या तोंडात असते; तिच्या ध्यानातच आलं नाही.

श्रावणातल्या त्या हरण्यानंतर ती बाबांना जवळपास ओढतच अकोल्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. काचबिंदू निघाला. समोरचं दिसतं, पण बाजूचं हळूहळू पुसलं जातं आणि पुसलेलं परत येत नाही. थेंबांनी डोळ्यातला दाब उतरणार नाही म्हणून ऑपरेशन करायचं, तेही महिनाभरात, असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं.

“सोयाबीनची सोंगणी होऊ दे,” जगदेव म्हणाला.

सोंगणी झाली. मग तूर आली. तूर घरात पडली, तर हरभरा उभा होता. डॉक्टरांचा कागद देवळीतल्या डब्याखाली घडी मोडेपर्यंत पडून राहिला. जगदेवला डॉक्टरांची भीती वाटत नव्हती, हे कुणाला खरं वाटणार नाही, पण तसंच होतं. त्याला मनापासून वाटायचं की जायचंच आहे, मग आज काय आणि पुढच्या महिन्यात काय. मंजुषाची आई कस्तुराबाई नवऱ्याशी वाद घालण्यातली नव्हती. तिने न बोलता पाण्याचा माठ डावीकडून उजवीकडे हलवला, चपला उजवीकडे ठेवायला लागली आणि ताटात भाजी उजव्या अंगाला वाढू लागली. मंजुषाने ते पाहिलं त्या दिवशी तिचं डोकं फिरलं.

ती तशीच ओट्यावर गेली. माघातली दुपार होती, पाच-सहा जण बसले होते.

“बाबा, अकोल्याले कवा जाता? आज मले तारीख सांगा.”

“हरभरा झाला का जातो म्हटलं ना.”

“हरभऱ्यानंतर काय हाय? गहू? मंग लग्नसराई? तुमचं डावीकडचं सारं पुसत चाललं, बाबा!”

चारचौघांत असं बोललेलं जगदेवला झोंबलं. तो लाल झाला. “मले दिसते का नाही, ते पटावर पाहा. तुह्या त्या डबड्यानं मले हरवलं तं दुसऱ्या दिवशी अकोल्याले जातो. नाही हरवलं, तं पुन्हा माह्या डोयाची गोष्ट काढायची नाही. कवाच नाही. हाय कबूल?”

“बरोबरी झाली तं?”

“बरोबरी म्हंजे हरवलं नाही. अन् डाव सुरू झाल्यावर त्या मशीनले मधात हात लावायचा नाही.”

मंजुषा कबूल म्हणाली. जगदेव ओट्यावर दिलेला शब्द मोडत नसे, ही त्याची ख्याती. पण त्या शब्दात आता तीही अडकली होती. मशीन हरलं किंवा बरोबरीत सुटलं, तर बाबांच्या डोळ्यांबद्दल अवाक्षर काढायचा हक्क तिने स्वतःच्या तोंडाने सोडून दिला होता.

रविवारी दुपारी तीनला डाव मांडला. ओट्यावर लाकडी पट, एका बाजूला जगदेव, दुसऱ्या बाजूला मांडीवर लॅपटॉप घेतलेली मंजुषा. बाबांची चाल तिने मशीनला सांगायची, मशीनची चाल पटावर करून तोंडानेही सांगायची: कुठली सोंगटी, कुठल्या घरात. ही सूचना तिचीच होती. बाबांना कडेचं दिसत नाही, हे तोंडाने न म्हणता तिने म्हटलं होतं. जगदेवनेही ते न ऐकल्यासारखं करून मान्य केलं.

तासभर काही कळत नव्हतं. जगदेव प्रत्येक चालीआधी बोटांनी पट चाचपायचा, मान डावीकडे नेऊन पुन्हा समोर आणायचा. खेळ मात्र त्याचा जुनाच होता. त्याने राजाची उडी अशा वेळी मारली, की मशीनचा घोडा हकनाक गेला. फुलचंदने गिऱ्हाइकाला हळदीऐवजी मिरचीपूड बांधली आणि गिऱ्हाइकानेही ती घेतली. आजवर हे मशीन फुलचंदला हरवत होतं, तिला हरवत होतं. पण फुलचंद आणि ती म्हणजे काय जगदेव नव्हे!

मग एका चालीला जगदेवने मान वळवली नाही. मशीनचा उंट डाव्या कडेला कितीतरी वेळ उभा होता. जगदेवने वजीर नेमका त्याच्या तिरक्या रेषेत नेऊन ठेवला आणि मागे रेलला. ओट्यावरच्या दोघांनी श्वास ओढला. मंजुषाला आधी आनंद झाला, अगदी खरा आनंद, आणि दुसऱ्या क्षणी त्या आनंदाची तिला किळस आली. आपले बाबा आंधळे होत चालले आहेत म्हणून आपण जिंकतोय, आणि आपल्याला बरं वाटतंय.

“उंटानं वजीर मारला,” ती म्हणाली.

जगदेवने त्या रिकाम्या घरावर बोट ठेवलं, मग रेषेने बोट सरकवत कडेपर्यंत नेलं. त्यानंतरही तो तासभर झुंजला, पण वजीर गेलेला डाव तो. हत्तीला हत्ती, घोड्याला उंट असं करता करता जगदेवच्या बाजूला एकटा राजा उरला. मशीनकडे वजीर आणि एक हत्ती.

“राजा एकटा!” फुलचंद दुकानातून बाहेर आला. “आता सोळा. मोजा रे!”

वजीर आणि हत्ती हाताशी असताना सोळा चाली म्हणजे चैन. मंजुषाने पहिल्यांदाच पाठ टेकली. अकोल्याची पहिली गाडी सव्वासहाला, हे तिला पाठ होतं. बाबांची पिशवी भरताना काय काय लागेल, याची यादीही तिच्या मनात सुरू झाली.

“एक,” ओटा म्हणाला. “दोन.” मशीनने राजाला हटवत हटवत पाचव्या चालीला शेवटच्या ओळीत नेलं. वजिराने पुढची ओळ अडवली. आता हत्ती शेवटच्या ओळीत आणला की खेळ खलास, हे फुलचंदलासुद्धा दिसत होतं. स्क्रीनवर आकडा आला: दहा हजार. म्हणजे मशीनला मात दिसली.

आणि मशीनने हत्ती एक घर बाजूला सरकवला.

“सहा!”

मंजुषाला वाटलं, आपण वाचण्यात चुकलो. पुन्हा वाचलं. चाल तीच होती. तिने हत्ती ठेवला, घर सांगितलं. जगदेवने राजा शेजारच्या घरात नेला. स्क्रीनवर पुन्हा दहा हजार, आणि या वेळी वजीर लांब जाऊन बसला.

“सात!”

“मशीन पान खाऊन राह्यलं वाटते,” कुणीतरी म्हणालं आणि ओटा हसला. जगदेव हसला नाही.

आठव्या चालीला राजा पुन्हा कोंडला, मात पुन्हा समोर आली, आकडा पुन्हा दहा हजार. नवव्या चालीला हत्ती परत होता तिथे. तेव्हा मंजुषाला कळलं. मशीनला सगळं दिसत होतं. या चालीत मात होती, तिचे दहा हजार. पुढच्या चालीत होती, तिचेही दहा हजार. दोन्ही सारख्याच, म्हणून मशीन जी चाल आधी हाती लागेल ती धरत होतं. त्याला घाई नव्हती. जिंकणार तर आहोतच, मग आज काय आणि चार चालींनी काय. वहीतली ती आडवी रेघ तिच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. एक वजाबाकी. अर्ध्या मिनिटाचं काम. आणि मधात हात लावायचा नाही, हे ती कबूल करून बसली होती.

“दहा! अकरा!”

ती मनातल्या मनात मशीनच्या पाया पडली, मग त्याला शिव्या दिल्या. चुकूनमाकून मातची चाल आधी हाती लागेल, या आशेवर तिने बारावी चाल पाहिली. वजीर पुन्हा राजाला कोंडून बसला, एवढंच. तेरावीला हत्ती भलत्याच ओळीत. फुलचंदचं मोजणं आता हळू झालं होतं. त्याला मोजावंसं वाटत नव्हतं, पण रीत ती रीत.

“चौदा.”

पंधराव्या चालीला तसंच झालं. मग सोळावी. जगदेवचा राजा कडेच्या ओळीत कोंडलेला, वजीर पुढची ओळ अडवून बसलेला. हत्ती शेवटच्या ओळीत डाव्या टोकाला ठेवला की मात. स्क्रीन म्हणत होती: हत्ती एक घर मागे.

मंजुषाने हत्ती उचलला.

स्क्रीन तिच्याखेरीज कुणाला दिसत नव्हती. ओट्यावर ती कुणाला वाचताही आली नसती. हत्ती चार बोटं पलीकडे ठेवायचा, एक घर वेगळं सांगायचं, आणि उद्या सव्वासहाच्या गाडीत बाबा. पाप म्हणावं तर हे कसलं पाप? बापाचा डोळा वाचवायचा होता. तिचा हात पटावर तसाच राहिला. जगदेवने मान खाली घातली होती आणि कान तिच्याकडे लावला होता. डावीकडे कुठलं घर भरलं आणि कुठलं रिकामं, हे तीन तास तो तिच्या शब्दावरून धरून चालला होता. एकदाही त्याने तिला पुन्हा विचारलं नव्हतं.

“हत्ती एक घर मागं,” ती म्हणाली आणि तिथेच ठेवला.

“सोळा,” फुलचंद म्हणाला. “डाव बरोबरीत.”

कुणी टाळी वाजवली नाही. एकेक माणूस चपला शोधू लागला. मंजुषाने लॅपटॉप बंद केला. आता बोलायचं नव्हतं, आज नाही आणि उद्याही नाही. सोंगट्या डब्यात भरताना तिला समोरचं नीट दिसेना, तेव्हा तिने पदराने तोंड पुसायचं निमित्त केलं.

“मंजू,” जगदेव म्हणाला. “सहाव्या चालीले मात होती. नवव्याले होती. आताही होती. तुह्या मशीनले दिसली नाही का?”

“दिसली, बाबा. दर वेळी दिसली.”

“मंग काहून नाही देली?”

“त्याले आताची मात अन् नंतरची मात सारखीच वाटते. म्हनून ते थांबत राह्यलं. नंतरच्या मातची किंमत कमी धरा लागते. दर चालीले एक वजा करा लागते. मीनं नाही केलं.”

“काहून?”

“तुमी म्हनत होते ना, मात ते मात.” ती सोंगट्या भरत राहिली. “मले वाटलं, ते तुमच्यासारखं खेयलं पायजे.”

जगदेवने डब्यातला हत्ती चाचपून काढला. फुलचंद तराजू पुसत असल्याचं सोंग करत होता.

“अन् आता? हत्ती तुह्या हातात होता. मले स्क्रीन दिसत नाही, यांले समजत नाही. तिकडं ठेवला असता तं?”

“तुमी माह्या सांगन्यावर खेयत होते, बाबा.”

जगदेवने उजवा डोळा तळहाताने झाकला आणि दुकानाकडे पाहिलं. मान हलवली नाही. मग हात काढला, पुन्हा झाकला. शेताच्या बांधावर उभं राहून पिकाचा अंदाज घ्यावा, तसं तो शांतपणे पाहत होता.

“फुलचंद, तुह्या पाटीवर पयलं अक्षर कोनतं हाय?”

“फ हाय ना, जगदेवभाऊ. फुलचंदचा फ.”

“श्रावनात तो दिसे मले. दिवाईले अर्धा दिसे.” जगदेव म्हणाला. “आता पाटीच नाही. तं मंजू, श्रावनापासून आजवर किती वजा झालं असन?”

मंजुषाला रडू फुटलं. “मले नाही बोलता येत, बाबा. बरोबरी झाली. मी शब्द देला.”

“तू नको बोलू. मीच बोलून राह्यलो.” त्याने चाचपत चप्पल पायात घातली आणि दुकानाकडे तोंड केलं. “फुलचंद, सकायी अकोल्याची पयली गाडी कितीची?”

“सव्वासहाची,” फुलचंद म्हणाला. तो इतक्या जोरात म्हणाला, की गल्लीतलं कुत्रं उठून उभं राहिलं.

ऑपरेशन झालं. त्यात फारसं सांगण्यासारखं नाही. उजवा डोळा होता तेवढा राहिला. डाव्या डोळ्यातलं जे पुसलं होतं ते गेलंच. डॉक्टरांनी आधीच सांगितल्याप्रमाणे ते परत आलं नाही. श्रावणातच आला असतात तर बरंच वाचलं असतं, असं ते म्हणाले, आणि जगदेवने खाली पाहून ते ऐकून घेतलं. माठ अजून उजवीकडेच आहे.

डोळ्याला थेंब घालण्याचे दिवस संपल्यावर तो काळा चष्मा लावून ओट्यावर आला आणि मशीन मागवलं. मंजुषाने मधल्या दिवसांत ती एक वजाबाकी लिहिली होती. सोळाची मोजणीही शिकवली होती. डाव लांबला, जगदेवने या वेळी वजीर जपला, पण शेवटी चूक त्याच्याकडूनच झाली. मशीनला मात दिसली आणि त्याच चालीला त्याने ती दिली. पानाचा डबा नाही, गोष्टी नाहीत.

जगदेवने आपल्या राजाभोवतीची घरं बोटाने एकेक तपासली. कुठेच वाट नव्हती.

“हे पयलेच लिवाले पायजे होतं,” तो म्हणाला.

“हो बाबा. अजहरभाऊनं सांगतलं होतं मले. दोनदा.”

जगदेवने राजा आडवा केला.

“मलेही डॉक्टरनं सांगतलं होतं,” तो म्हणाला.